सर्व्हर रूम वारंवार तापते? थर्मामीटरआधी घड्याळ बघा

खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी तुमच्याकडे वारंवार घडत असतील, तर पुढचं सगळं सावकाश वाचा.

• तापमानाचा अलार्म आठवड्यातून दोन-तीनदा येतो. माणूस धावत जाऊन बघतो, तर खोली गार.
• दुपारी सर्व्हरचे पंखे मोठ्याने घोंघावतात, सॉफ्टवेअर रेंगाळतं. संध्याकाळी सगळं आपोआप बरं होतं.
• लाईट जाऊन आली की अर्ध्या-पाऊण तासात एखादं मशीन स्वतःहून बंद पडतं.
• सोमवारी सकाळी दार उघडलं की तोंडावर गरम हवा येते.
• यूपीएसच्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांतच बसतात.
• एसीच्या इनडोअरमधून पाणी टपकतं, किंवा बाहेरच्या तांब्याच्या पाइपवर बर्फ धरतो.
• तापमानाच्या आलेखात मध्येच ८५ अंश किंवा उणे १२७ असा आकडा उडी मारतो.

मी जालना, परभणी, नांदेड, लातूर या पट्ट्यात पतसंस्था, कॉलेजं, दवाखाने, जिनिंग अशा ठिकाणच्या लहान सर्व्हर रूम सांभाळतो. एक रॅक, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायचं लोखंडी कपाट, फार तर दोन. दहा बाय दहाची खोली, एक किंवा दोन स्प्लिट एसी, बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर आणि डोक्यावर तापलेला स्लॅब. हा बिघाड इतक्या वेळा पाहिला की फोन आला की मी ‘किती तापमान झालं?’ असं आधी विचारत नाही. ‘किती वाजता झालं?’ असं विचारतो. निम्मं काम त्या एका उत्तरात होतं.

खोली आत्ता तापलेली असेल तर

आधी मशिनं वाचवा, कारण नंतर शोधू. ज्यांच्यावाचून आज चालेल ती बंद करा: टेस्टिंगचा सर्व्हर, बॅकअपचं मशीन, जादा मॉनिटर. बंद करताना कमांड देऊन नीट बंद करा, वायर उपसू नका. बाहेरचा पॅसेज खोलीपेक्षा गार असेल तरच दार उघडा, आणि उंच पंखा दारात बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा. गरम हवा वरून बाहेर गेली की खालून गार हवा आपोआप आत येते.

मी स्वतः पाळतो ते आकडे असे. रॅकच्या समोरची हवा ३२ अंशांवर गेली की फोन, ३५ ला बिनमहत्त्वाची मशिनं बंद, ३८ ला सगळंच बंद. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत मर्यादा वेगळी दिली असेल तर ती माना. रोजच्या वापरासाठी ॲश्रे या अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली १८ ते २७ अंश हा पट्टा सुचवला, आणि जगभर तोच धरला जातो. हा आकडा मशीन समोरून ज्या हवेचा श्वास घेतं तिचा आहे, खोलीच्या भिंतीचा नाही. पुढे याचंच महत्त्व पुन्हा पुन्हा येईल.

दोन गोष्टी मात्र करू नका. बर्फाची लादी परातीत घालून रॅकजवळ ठेवू नका, आणि कुलर आत आणू नका. आपल्याकडे मे महिन्यात कुलर छान चालतो, कारण बाहेरची हवा कोरडी असते; दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाणं नवीन नाही. पण त्याला उघडी खिडकी लागते. बंद खोलीत तीच ती हवा फिरते, थोड्या वेळात दमट होते, मग गारवा थांबतो आणि ओल तेवढी उरते. शिवाय बोअरचं जड पाणी असेल तर उडालेल्या बारीक थेंबांतला क्षार पंख्यांवर आणि बोर्डांवर बसतो.

वेळ काय सांगते

गेल्या महिन्याभरातले अलार्म कागदावर उतरवा. तारीख, वार, वाजले किती, आणि त्या वेळी लाईट होती का, एवढंच. दहा-बारा नोंदी झाल्या की त्यांचा एक साचा दिसायला लागतो.

रोज दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान होत असेल तर बोट आउटडोअर युनिटकडे किंवा पश्चिमेच्या भिंतीकडे. लाईट जाऊन आल्यावरच होत असेल तर एसी पुन्हा सुरू होत नाही किंवा जनरेटरच्या जोडणीत घोळ आहे. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशीच होत असेल तर कुणीतरी एसी बंद करतंय, किंवा रिमोटवर टायमर लागलाय. दर आठवड्याला थोडं थोडं वाढत गेलं असेल तर जाळीत धूळ आहे किंवा गॅस गळतोय. महिनाअखेरीच्या दोन-तीन दिवसांतच होत असेल तर त्या दिवसांत मशीनवर कामाचा भार जास्त आहे आणि तुमचा एसी आधीच काठावर आहे. आणि वेळेचा काहीच मेळ बसत नसेल, आकडा एका मिनिटात २४ वरून ८५ वर जाऊन परत २४ वर येत असेल, तर खोली तापलीच नव्हती. तिथे सेन्सरच दुरुस्त करायचा आहे.

आता एकेक तपासणी. क्रम मुद्दाम असा लावलाय की आधी फुकटातल्या, मग शे-दोनशे रुपयांच्या, आणि खर्चाच्या सगळ्यात शेवटी. मधली एकही गाळू नका. आउटडोअर धुवायला पाचशे रुपये देऊन झाल्यावर रिमोट स्लीप मोडवर होता हे कळलं, असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.

१. आकडा खरा आहे का

सर्व्हरच्या पोटात समोरच्या हवेचा सेन्सर बहुधा असतोच. सर्व्हरवर दुरून नजर ठेवायचं एक पान ब्राउझरमध्ये उघडतं; डेलच्या मशीनमध्ये आयड्रॅकच्या पानावर, एचपीच्या मशीनमध्ये आयएलओच्या पानावर ‘इनलेट’ म्हणजे आत शिरणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. लिनक्सवर आयपीएमआयटूल या कमांडने काढता येतं. तो आकडा, तुमच्या अलार्मच्या सेन्सरचा आकडा आणि बाजारातला साधा डिजिटल थर्मामीटर, असे तिन्ही एकाच जागी पंधरा मिनिटं ठेवून बघा. एक-दीड अंशाचा फरक चालतो. चार-पाच अंशांचा असेल तर सेन्सर बदला.

पुष्कळ ठिकाणी कुणीतरी हौसेने ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डवर डीएचटी११ किंवा डीएस१८बी२० असा स्वस्त सेन्सर लावलेला असतो. हरकत नाही, मीही लावतो. पण डीएचटी११ची अचूकताच अधिक-उणे २ अंशांची आहे. २७ वर अलार्म ठेवला तर तो २५ लाही वाजेल आणि २९ लाही गप्प बसेल. डीएस१८बी२० अर्ध्या अंशापर्यंत बरोबर सांगतो, पण त्याची एक खोड माहीत असावी. ८५ हा आकडा तापमान नसून सेन्सर चालू होताना त्याच्या स्मृतीत असलेला सुरुवातीचा आकडा आहे. मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलं, किंवा मध्ये क्षणभर वीज तुटली, की ८५ दिसतो. उणे १२७ म्हणजे सेन्सरकडून उत्तरच आलं नाही. दोन्हीचा इलाज एकच: वायरचे जोड बघा, डेटा आणि पॉझिटिव्हच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे ना ते बघा, लांबच लांब वायर असेल तर ती आखूड करा. एसीला हात लावायची गरज नाही.

स्टीलच्या टोपीतला, पाण्यात चालणारा सेन्सर असेल तर बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात भिजवून थर्मासमध्ये घ्या, सेन्सर त्यात दहा मिनिटं बुडवा. शून्याच्या आसपास अर्ध्या अंशात आला पाहिजे. आर्द्रतेचा सेन्सर तपासायचा तर घरातल्या मिठाचं ओलसर गच्च मिश्रण एका वाटीत घ्या, वाटी आणि सेन्सर हवाबंद बरणीत रात्रभर ठेवा, सेन्सरला मीठ लागू देऊ नका. खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर आत ७५ टक्के आर्द्रता स्थिरावते. आपला आकडा त्यापासून किती दूर आहे ते सकाळी दिसतं.

२. सेन्सर लावलाय कुठे

परभणीतल्या एका कॉलेजात खोलीचा आकडा नेहमी २१ आणि तरी सर्व्हर महिन्यातून दोनदा स्वतःहून बंद. सेन्सर बरोबर एसीच्या खाली भिंतीवर चिकटवलेला होता, म्हणजे तो फक्त एसीचा वारा मोजत होता. मी रॅकच्या समोर, सगळ्यात वरच्या मशीनपुढे थर्मामीटर धरला तर ३६. मागून निघालेली गरम हवा रॅकच्या डोक्यावरून फिरून परत पुढे येते, म्हणून वरचं मशीन सगळ्यात आधी गुदमरतं.

सेन्सर रॅकच्या समोरच्या बाजूला लावा. जमलं तर तीन: खाली, मध्ये, वर. एकच परवडत असेल तर वरचा लावा. आणखी एक मागे लावता आला तर चांगलं, पण त्याच्यावर अलार्म ठेवू नका. तिथे ३५-४० असणं स्वाभाविक आहे.

३. रिमोट आणि माणसं

रिमोट हातात घ्या. मोड ‘कूल’ आहे ना? ‘ड्राय’ किंवा ‘ऑटो’ नको. स्लीप मोड बंद आहे ना? तो रात्री तापमान स्वतःहून एक-दोन अंश वाढवतो. झोपणाऱ्याला ते बरं, सर्व्हरला नाही. टायमर काढलाय ना? तापमान २२ ते २४ वर ठेवा. साध्या एसीत १६ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर तेवढ्याच ताकदीने चालतो. फक्त तो थांबत नाही आणि जाळी मळलेली असेल तर कॉइलवर बर्फ धरतो. मग वारा अडतो आणि खोली उलट तापते.

आता एमसीबी पाडून पाच मिनिटांनी परत चढवा. रिमोटला हात लावायचा नाही. एसी आपोआप सुरू झाला पाहिजे आणि आधीच्याच तापमानावर आला पाहिजे. स्टॅबिलायझरचा आणि कॉम्प्रेसरचा मिळून चार-पाच मिनिटांचा खोळंबा धरा. आतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतोच. त्याहून जास्त थांबूनही सुरू झाला नाही, तर तुमच्या एसीत पुन्हा आपोआप सुरू होण्याची सोय नाही किंवा ती बंद करून ठेवलीय. काही मॉडेलमध्ये इनडोअरचं एक बटण दाबून धरलं की ती चालू होते, पुस्तिकेत दिलेलं असतं. भारनियमनाच्या आपल्या भागात ही सोय नसलेला एसी सर्व्हर रूमला घेऊच नये.

लातूरकडच्या एका पतसंस्थेत रोज रात्री साडेआठनंतर तापमान चढायचं आणि सकाळी नऊपासून उतरायचं. वॉचमन मामांना विचारलं. ते म्हणाले, “साहेब, हापिस बंद झालं की समदे एसी बंद करायचे म्हणून सांगितलंय की मला. मी रोजच करू लालोय.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. विजेचं बिल वाढलं म्हणून वरून सूचना आली होती आणि हा एसी त्यातून वगळायचा हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तो स्विच लाल रंगवला, त्यावर झाकण बसवलं, ‘हा एसी रात्रीसुद्धा बंद करू नये’ अशी मराठीत पाटी लावली आणि मामांना खोलीत नेऊन थर्मामीटर कसा वाचायचा ते दाखवलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात लाईट आल्यावर एसी सुरू झाला नाही तेव्हा पहिला फोन मामांचाच आला, अलार्मच्याही आधी.

४. जाळी

इनडोअरचं झाकण उघडून फिल्टरची जाळी काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. सर्व्हर रूमचा एसी चोवीस तास चालतो, घरातल्या एसीचं वेळापत्रक त्याला लावू नका. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, आणि जिनिंगच्या हंगामात आजूबाजूला कापसाची वाहतूक असेल तर दर आठवड्याला.

जाळी बसवल्यावर वीस मिनिटांनी एसीत शिरणारी हवा आणि बाहेर येणारी हवा मोजा. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक हवा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे मेकॅनिकशी बोलताना लागेल. ६ च्या खाली असेल तर सहाव्या तपासणीपर्यंत या, तरी सुधारला नाही तर गॅस.

५. रॅक

रॅकमधल्या रिकाम्या जागा झाकलेल्या आहेत का ते बघा. उघड्या असतील तर मागची गरम हवा तिथूनच पुढे येते. झाकायला बाजारात तयार पट्ट्या मिळतात; नसेल तर पातळ पत्रा कापून लावा. थर्माकोल किंवा पुठ्ठा लावू नका, दोन्ही पेटतात. मागचा केबलचा गुंता बांधून बाजूला घ्या. खोलीत जुनी रजिस्टरं, फटाक्यांची खोकी, निवडणुकीचं सामान काहीही ठेवू देऊ नका. अडथळाही होतो आणि आगीला खाद्यही.

एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. काही नेटवर्क स्विच मागून हवा घेतात आणि पुढून सोडतात. असा स्विच सर्व्हरच्या बरोबर वर बसवला असेल तर तो गरम फुंकर थेट सर्व्हरच्या तोंडावर मारतो. हात लावून बघा, कळतं.

६. आउटडोअर

मराठवाड्यातल्या माझ्या अनुभवात दुपारच्या अलार्मचं सगळ्यात मोठं कारण हेच. एसीवर लिहिलेला दीड टन बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. आपल्याकडे परभणी-नांदेडला मे महिन्यात ४२-४४ होतंच, आणि गच्चीवर कठड्याच्या कोपऱ्यात त्याहून पुष्कळ जास्त. बाहेरची हवा जितकी गरम, तितकी एसीची ताकद कमी, आणि नेमकी त्याच वेळी खोलीला जास्त ताकद हवी असते.

म्हणून दुपारी तीन वाजता गच्चीवर जा आणि आउटडोअरमध्ये मागून शिरणारी हवा मोजा. गावात ४२ आणि इथे ५० दिसत असेल तर युनिटने सोडलेली गरम हवा तेच परत ओढतंय. कठडा फार जवळ आहे, वर पत्रा ठेंगणा आहे, किंवा दोन आउटडोअर समोरासमोर तोंड करून बसवलीत. सावली करायची तर दोन-तीन फूट उंच करा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा. हिरवी शेडनेट युनिटला गुंडाळतात तसं करू नका, त्याने श्वासच कोंडतो.

मग आउटडोअरच्या मागच्या पातळ पट्ट्या बघा. जिनिंगच्या परिसरातलं एक आउटडोअर मी उघडलं तेव्हा मागची बाजू करड्या घोंगडीने झाकल्यासारखी दिसत होती. ती रुई आणि धूळ होती. आधी मेन स्विच बंद करा. मग मऊ ब्रश पट्ट्यांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली फिरवा. आडवा फिरवला तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मुडपतात. नंतर साध्या धारेने पाणी मारा. मोटार धुवायचं प्रेशरचं यंत्र नको. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आउटडोअर धुवा असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. तेव्हा आम्ही सगळीकडे ब्रश आणि हवेचा ब्लोअर वापरला, आणि कोरडी धूळ त्याने चांगली निघते हे तेव्हाच कळलं. रुई आणि तेलकट थर मात्र पाण्याशिवाय निघत नाही.

इथपर्यंतचं काम तुम्ही करू शकता. आउटडोअरचं विजेचं झाकण उघडू नका. आत पाल शिरून बोर्ड जळालेला मी पाहिलाय, पण तो बघायचं काम मेकॅनिकचं. आतला कपॅसिटर मेन बंद केल्यावरही वीज धरून ठेवतो.

७. लाईट

स्टॅबिलायझरवरचा व्होल्टेज दुपारी दोनला आणि संध्याकाळी सातला लिहून ठेवा. आकडा घसरून स्टॅबिलायझर एसीला तोडत असेल, तर एसी निर्दोष आहे. महावितरणकडे तक्रार आणि गरज पडली तर जास्त खालपर्यंत सांभाळणारा स्टॅबिलायझर, हे दोनच मार्ग.

त्याहून मोठी गफलत ही: सर्व्हर यूपीएसवर, आणि एसी नुसत्या लाईटवर. लाईट गेली की सर्व्हर तसेच चालू राहतात आणि खोली तापवत राहतात. हिशेब करून बघा. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत सुमारे ३२ किलो हवा असते. २ किलोवॅटचा भार तेवढ्या हवेला १ अंश वर न्यायला १६-१७ सेकंदच घेतो. भिंती, फरशी आणि लोखंड उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात चढ हळू असतो, पण अर्धा तास पुरेसा आहे. चार तासांचा बॅटरी बॅकअप घेतला म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: तिसऱ्या तासाला बॅटरी शिल्लक असेल, मशीन उष्णतेने बंद पडलेलं असेल. एसी जनरेटरवर घ्या. ते शक्य नसेल तर लाईट जाऊन वीस मिनिटं झाली की बिनमहत्त्वाची मशिनं आपोआप बंद होतील असं यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये लावा.

बॅटऱ्यांबद्दलही इथेच सांगतो. शिशाच्या बंद बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं. त्यापुढे दर ८ ते १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. बॅटरी लवकर बसली म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी बॅटरीच्या रॅकजवळ थर्मामीटर ठेवून बघा.

८. एसी पुरेसा आहे का

यूपीएसच्या पडद्यावर भार किलोवॅटमध्ये दिसतो. खोलीतली उष्णता म्हणजे जवळपास तेवढीच, शिवाय यूपीएसची स्वतःची थोडी आणि स्लॅब-भिंतींतून येणारी. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. पण घरगुती स्प्लिट एसीची सगळी ताकद हवा गार करण्यात जात नाही, पाव ते तिसरा हिस्सा हवेतली ओल काढण्यासाठी धरलेला असतो, आणि बाहेर ४४ अंश असताना आणखी घट. म्हणून दीड टनावर मी तीन किलोवॅटच्या वर भार धरत नाही. दोन एसी असतील तर एकट्याने खोली सांभाळता आली पाहिजे. दोन्ही मिळून जेमतेम पुरत असतील तर तुमच्याकडे राखीव एसी नाहीच असं समजा.

पावसाळ्याचं थोडं

मृग लागला की तापमानाचे अलार्म थांबतात आणि ओलीचे सुरू होतात. ऑगस्टात बाहेर २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २४ अंशांच्या खालच्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरतं. खोली १८ वर गारठवून दार उघडं टाकलं की रॅकच्या पत्र्यावर ओल दिसते ती यामुळे. दार बंद ठेवा, तापमान २४ वर आणा, आणि एसीचा ड्रेन पाइप तुंबला नाही ना ते बघा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिली तर अलार्म लावा. उन्हाळ्यात उलट काळजी: हवा फार कोरडी असते, अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून मशीन उघडताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा.

अलार्म तुमच्यापर्यंत पोचतो का

खोली तापली, सेन्सरने ओळखलं, आणि निरोप ज्या राउटरमधून जायचा तो लाईटबरोबरच बंद झालेला. हे फार वेळा होतं. राउटर यूपीएसवर घ्या. सिम टाकून मेसेज पाठवणारा जीएसएम मोडेम असेल तर त्याच्या सिमची मुदत संपली नाही ना ते दर महिन्याला बघा; जुने मोडेम टूजीवर चालतात, आणि ज्या कंपनीचं टूजी नाही तिचं सिम त्यात चालत नाही. महिन्यातून एकदा सेन्सर मुठीत धरून गरम करा आणि फोन वाजतो का ते बघा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

जाळी आणि आउटडोअर साफ करूनही पाइपवर बर्फ धरत असेल, जोडांवर तेलाचे डाग असतील, किंवा हवेतला फरक ६ च्या वर येत नसेल, तर गॅसचं काम आहे. गॅस खर्च होत नसतो. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर तो गळतोय, आणि गळती शोधून, नायट्रोजनने दाब तपासून, व्हॅक्यूम करूनच भरून घ्या. नव्या एसीतला आर-३२ हा वायू पेट घेऊ शकतो, स्वतः प्रयोग करू नका.

डीबीत, म्हणजे एमसीबीच्या पेटीत, जळका वास येतोय, एमसीबी हाताला गरम लागतोय: वायरमन, त्याच दिवशी. बॅटरी फुगलीय किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतोय: खोलीबाहेर या, दार उघडं ठेवा, यूपीएसवाल्याला बोलवा, बॅटरी हलवू नका. आग विझवणाऱ्या गॅसच्या सिलिंडरशी खेळू नका. आणि आठव्या तपासणीत भार एसीच्या पलीकडे गेला असेल तर आणखी एक घरगुती एसी चिकटवण्याआधी सर्व्हर रूमच्या खास एसीचं काम करणाऱ्याकडून आखणी करून घ्या.

येणाऱ्याच्या हातात वही द्या. नांदेडच्या एका दवाखान्यात तीन वेळा मेकॅनिक येऊन गेला होता, दोनदा गॅस भरून झाला होता, तरी अलार्म येतच होता. कधी सलग आठ दिवस, मग आठ दिवस काहीच नाही. मी तिथल्या ऑपरेटर ताईंना नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या. सहा आठवड्यांच्या नोंदी पुढे ठेवल्या तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. प्रत्येक अलार्म जनरेटर सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने होता, आणि फक्त त्या आठवड्यांत, ज्यांत पाळीप्रमाणे दोन नंबरचा एसी चालू होता. वायरमनने डीबी उघडून पाहिलं. जनरेटर सिंगल फेजचा, तो एकाच फेजला वीज द्यायचा, आणि दोन नंबरचा एसी दुसऱ्या फेजवर होता. वायर इकडची तिकडे करायला वीस मिनिटं लागली. त्या दिवशी मेकॅनिकने गॅसचा दाब मोजायचा गेज पिशवीतून बाहेरही काढला नाही.